फ्रीजमधलं खारं पाणी

मेडशी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चिरंजीव योगिनी हिला,

तुझ्या चतुराबाई आजीचे, बसल्या जागेवरून पाठवता येतील तितके आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. बाजार उठताना टोपलीत उरलेलं वांगं ठीक असतं, तसे ठीक.

अक्षर ओळखलंस ना? ओळखणारच. तुझी पहिली पाटी याच हातानं गिरवून घेतली होती. तर हो, पत्र मी सांगते आहे आणि लिहिते आहे तुझी आई. आमचा करार असा झाला आहे की मी सांगेन ते तिनं लिहायचं, गाळायचं नाही आणि आपलं काही घालायचं नाही. ती म्हणाली, "मले काय घालायचं हाये त्यात? मले काई सांगायचं नाही तिले." मी म्हटलं, हेपण लिही. लिहिलं आहे.

आणखी एक. मी "मले" म्हणते तिथं ही "मला" लिहिते. दहावीपर्यंत शिकलेली आहे ना. माझी बोली धुऊन, पिळून, दोरीवर वाळवून मग कागदावर घालते. तेव्हा वाचताना तू पुन्हा थोडी मळवून घे.

फोन असताना पत्र काहून, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू म्हणतेस "बरी आहे", मी म्हणते "बरी आहे", आणि दोघी खोटं बोलून ठेवून देतो. कानातलं मशीन फोन जवळ नेला की शिट्टी मारतं, ते वेगळं. शिवाय तुझा फोन वाजला की तुझी आई तो माझ्या हातात देते आणि तिला एकदम बाहेरचं काम आठवतं. दोन मिनिटं वाळलेले कपडे परत झटकत बसते. पत्राचं बरं असतं. लिहिणाऱ्याला उठून जाता येत नाही.

आत्ताच एक चोरी पकडली बघ. मी सांगितलं होतं, "तुझ्या वाढदिवसाला तुझ्या आईनं सकाळी उठून गुळाच्या पोळ्या केल्या, स्वतः खाल्ली नाही, सगळ्या वस्तीवर वाटून आली." एवढं मोठं बोलले आणि पेन दोनदा खरडून गप्प. मला अक्षर येत नाही, पण पेनाची चाल कळते. भरल्या टोपलीचं आणि अर्ध्या टोपलीचं ओझं उचलणाऱ्याच्या मानेवरून ओळखण्यात जन्म गेला माझा. म्हटलं, वाचून दाखव. तर म्हणे, "घरी पोळ्या केल्या." बस, एवढंच! मग पुन्हा लिहून घेतलं. आता वरचं तू वाचलंस ते पुन्हा लिहिलेलं आहे.

मळ्याचं सांगते. या साली रोपाचा वाफा घातला नाही. मेथी आणि सांबार, तुमच्याकडची कोथिंबीर, तेवढा केला आहे, कारण तो पेरला की येतो, त्याला कोणी उचलून दुसरीकडे लावावं लागत नाही. वांगी शेजारच्या पुंजाजीच्या मळ्यातून रोपं आणून लावली, दोन ओळी. मिरची नाही. तुझा बाप असताना वाफ्यावर किती जपून हात फिरवायचा ते तू पाहिलं आहेस. रोप चार पानांचं झालं की उचलायचं, वाफ्यात जास्त राहिलं तर थोराड होतं, मग कितीही चांगल्या जमिनीत लावा, ते अंग धरत नाही. हे सगळं करायला आता वाकावं लागतं. तुझी आई वाकते, पण एकटी किती वाकणार? मी खाटेवर बसून जुड्या बांधते. त्याही आता सैल होतात. परवा बाजारात एकीची जुडी हातातच सुटली, तर म्हणते, "आजी, दोरी इसरल्या का?" म्हटलं, नाही माय, दोरी आहे, हात इसरले.

तू परदेशी चाललीस हे फोनवर कळलं. मार्चमध्ये, तीन वर्षांसाठी, नॉर्वे का काय त्या देशात, जिथं समुद्राजवळसुद्धा बर्फ असतो. मी तुझ्या आईला सांगितलं, "आता पोरगीच फ्रीजमधी चालली." ती हसली नाही. पण चपाती लाटता लाटता तिचा हात थांबला तो थांबलाच. ती चपाती आम्ही नकाशासारखी खाल्ली.

आता हे लिहिताना तिनं माझ्याकडं पाहिलं. फ्रीजचं नाव या घरात निघत नाही ना.

बरं. तुझ्या त्या बारनाकलांचं मला अजून सगळं आठवतं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत तू इथंच ओसरीत बसून मला आणि तुझ्या बापाला, माझ्या दिनेशला, शिकवलं होतंस. समुद्रातल्या खडकाला, होडीच्या बुडाला पांढरे खवले चिकटलेले असतात, ते दगड नाहीत, आत जीव असतो, आणि त्या जिवाची पिल्लं तू रत्नागिरीला बाटल्यांत वाढवतेस. दिनेशनं मोबाइलवर तो व्हिडिओ चारदा लावायला सांगितला होता. पिल्लू पहिल्यांदा बाहेर येतं तेव्हा त्याला डोळा एक, पायांच्या जोड्या तीन, आणि कपाळावर दोन्हीकडं दोन शिंगं. मी म्हटलं होतं, हा तर पुंजाजीचा ऑटो! समोर एक दिवा, खाली तीन चाकं, दोन बाजूला आरसे. तुझा बाप खोकेपर्यंत हसला होता.

मग ते पाण्यात तरंगत खातं, वाढतं, कात टाकतं. सहा वेळा रूप बदलतं. खाणं, फिरणं, बेफिकीर. आणि सातव्या रूपात त्याचं सगळंच पालटतं. दोन शिंपल्यांत अंग झाकून घेतं आणि तोंड बंद. त्यानंतर ते काही खातच नाही. आधी अंगात जी चरबी साठवली असेल तेवढ्यावर निघायचं आणि एकच काम करायचं, बसायला जागा शोधायची. डोक्याशी दोन मिशा असतात, त्या पावलांसारख्या टेकत टेकत दगडावर चालतं. दाबून पाहतं, उचलतं, पुढं जातं, पुन्हा दाबून पाहतं. मला आपलं बाजारातलं गिऱ्हाईक आठवलं, प्रत्येक वांगं दाबतं आणि एक घेत नाही. पण एकदा जागा पटली की डोकं खाली घालून डिंकानं चिकटतं आणि मग जन्मभर हलत नाही. वर घर बांधून घेतं आणि पाय बाहेर काढून पायांनीच खाणं तोंडात ढकलत बसतं. डोकं खाली आणि पायांना उसंत नाही. मी म्हटलं होतं, ही तर सून झाली!

दिनेशनं विचारलं होतं, "मंग त्याले कसं समजते, का हाच दगड बरा?" तू म्हणालीस, आधी जो येऊन गेला असेल त्याच्या पावलांचं काहीतरी दगडावर राहतं. मागून येणाऱ्याला ते कळतं. इथं आपलं कोणी टिकलं होतं, म्हणजे आपणही टिकू. तुझा बाप नंतर मला म्हणे, "माय, तुले कोणी दगड दाबून पाहू देल्ला होता का वं?" मी म्हटलं, मला कामरगावहून बैलगाडीत घातलं आणि इथं आणून चिकटवलं, डिंकसुद्धा त्यांचाच.

तुझं कामही तेव्हाच कळलं. होडीच्या बुडाला असा रंग शोधायचा की या पिल्लांना तिथं बसावंसं वाटू नये, आणि मासे मात्र मरू नयेत. म्हणजे घर शोधणाऱ्याला घर मिळू नये म्हणून माझी नात पगार घेते. मी तेव्हा थट्टा केली. आता वर्षभर मला वाटतं, त्या रंगाचा एक हात तू स्वतःला देऊन घेतलास आणि एक हात तुझ्या आईला.

पेन थांबलं. पाणी पिऊन येते म्हणाली. येऊ दे. मी बसले आहे.

आली. लिहा बाई.

योगिनी, आता त्या दिवसाचं बोलायचं आहे. इतकी पानं मी वांगी आणि चपात्या सांगत बसले ती त्याच्या भीतीनंच. गेल्या माघात दिनेश सकाळी मोटर चालू करायला गेला आणि विहिरीच्या काठावर बसला, तो बसलाच. तू गाड्या बदलत पोचलीस तेव्हा दुसरा दिवस मावळत होता आणि राख निवली होती. तुझ्या हातात थर्माकोलचा डबा होता. तुझी पिल्लं तेव्हाच सातव्या रूपात आलेली. ती थंडीत ठेवली तर किती दिवस वाट पाहू शकतात आणि मग त्यांची बसायची उमेद उरते की नाही, हेच तुला पाहायचं होतं. मागं ठेवून यायला कोणी नव्हतं, म्हणून तू त्यांना घेऊन आलीस. आपल्या फ्रीजच्या दारात दुधाच्या पातेल्याशेजारी दोन बाटल्या ठेवल्यास. रोज सकाळी थेंबभर पाणी बशीत काढायचीस, भिंगातून पाहायचीस आणि परत ठेवायचीस. सुतकाच्या घरात माणसं येऊन बसलेली. बाया पदराआडून बोलायच्या, "पोरगी बशीत डोळे घालून बसली, बापासाठी एक टिपूस नाही." मी ऐकलं. तुझ्या आईनंही ऐकलं. तुझ्या कानावर गेलं की नाही, मला माहीत नाही.

तेरवीच्या दिवशी आपल्यात रीत आहे. सुतक फिटलं की घर धुवायचं आणि घरात साठलेलं सगळं पाणी टाकून नवं भरायचं. माठ, रांजण, पितळी गुंड, सगळं पालथं. मेलेल्याच्या दिवसांतलं पाणी घरात ठेवायचं नाही. माझ्या लग्नानंतर या घरात तीन मयती झाल्या आणि तिन्ही वेळा मी तेच केलं. आता माठाच्या जोडीला फ्रीज आला, म्हणून तुझ्या आईनं फ्रीजच्या बाटल्याही घेतल्या. दिसायला पाणीच होतं. ओसरीपुढं तेलाच्या डब्यात दिनेशनं कढीपत्त्याचं रोप लावलं होतं, त्यात ओतलं. वाया जायला नको म्हणून.

तू आंघोळ करून आलीस आणि रिकाम्या बाटल्या पालथ्या पाहिल्यास. "आई, ते पाणी नव्हतं!" असं ओरडलीस की मांडवातले आचारीसुद्धा थांबले. आणि रडायला लागलीस. तेरा दिवसांत पहिल्यांदा. डब्यापाशी बसून मातीत हात घालून रडलीस. आणि तुझी आई म्हणाली,

"बाप गेला तवा डोळ्याले पाणी नाही आलं तुह्या, अन् बाटलीतल्या पाण्यासाठी रडून राह्यली?"

मांडवभर माणसं. तू उठलीस आणि म्हणालीस, "बाबा असते तर त्यांनी टाकायच्या आधी मला विचारलं असतं."

पानावर न बसता तू संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. त्यानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. माझ्यामार्फत बोलता. "आईला सांग औषध घे." "तिले सांगा, पैसे नोको धाडू." मी म्हणजे या घरातली एसटी झाले आहे. सवारी उतरव, सवारी घे, धूर सोड, निघ.

तेव्हा तू कोणासाठी रडलीस ते मला तिथंच कळलं होतं. रिकामी बाटली हे निमित्त. रडू आपलं निमित्त स्वतः शोधतं, सोयीचं असतंच असं नाही. तुझ्या आईलाही ते कळलं असतं, पण तिच्या कानात त्या बायांचं बोलणं भरलं होतं, तिथं दुसरं जायला जागा नव्हती.

आता जे सांगणार आहे ते तुझी आई लिहायला तयार नाही. "आत्याबाई, हे नोको," म्हणून राह्यली. मी म्हटलं, करार काय झाला? लिही. नाही तर पुंजाजीला बोलावते, तो लिहील आणि साऱ्या मेडशीला वाचूनही दाखवील. लिहिते आहे आता, नाक ओढत.

तर तो कढीपत्ता वाळला. मीठच ते. आठ दिवसांत पानं गळून काडी राहिली. मला वाटलं, ही डबा फेकून देईल. फेकला नाही. भांडी घासून झाली की रोज त्यात तांब्याभर पाणी घालायची. मी थट्टा करायची, "काडी भिजवून भाजी करणार काय?" ती तांब्या पालथा घालून आत जायची. मग पितृपक्ष आला. तुझ्या बापाच्या नावानं पान वाढलं, पाणी सोडलं. आणि त्यानंतर ही आत गेली, दुसरा तांब्या भरला, त्यात मूठभर मीठ टाकलं, हातानं ढवळलं आणि त्या डब्यात ओतलं. हात जोडले. मी खाटेवरून पाहत होते. म्हटलं, "साधना, हे कोणाच्या नावाचं?"

म्हणाली, "ज्याईले मी पाणी समजून फेकलं, त्याईच्या नावाचं. खाऱ्या पाण्यातले जीव ते, गोडं कसं देऊ त्याईले?"

योगिनी, माझ्या एवढ्या वयात मी माणसांना पाणी दिलेलं पाहिलं, गाईला, बैलाला दिलेलं पाहिलं. डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांना, तेही त्यांच्या चवीचं पाणी देणारी पहिलीच पाहिली. आणि तिला ती सातही रूपं पाठ आहेत. मी चुकले की ती मला दुरुस्त करते. "आत्याबाई, तोंड पाचव्यात नाही, सातव्यात बंद होते." कुठून शिकली, विचारलं नाही. तुझा बाप मोबाइल मागं ठेवून गेला आहे आणि त्यात तो व्हिडिओ आहे, एवढं मला माहीत आहे.

आज एवढंच. ही चुलीपाशी जायचं म्हणते आहे आणि चुलीत लाकूडच नाही.

सोमवार

काल राहिलं ते आज. उद्या संक्रांत आहे. तीळ निवडून झाले, गूळ चिरायचा आहे. सकाळी हिनंच वही आणून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "सांगा, काय राह्यलं ते."

राहिलं ते माझं आहे. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. तिला ते आत्ता, लिहिता लिहिता कळणार आहे. दोघींना एकाच वेळी सांगावं म्हणूनच मी हे पत्राचं सोंग काढलं. एकीला आधी सांगितलं असतं तर तिनं दुसरीपासून लपवलं असतं, आणि मला पुन्हा दोन्हीकडं निरोप न्यावे लागले असते. तेवढी ताकद आता नाही गं.

मागच्या आठवड्यात मी पुंजाजीच्या ऑटोतून कानाचं मशीन दाखवायला म्हणून वाशीमला गेले होते. मशीन दाखवलंच नाही. मशीन चांगलं आहे, शिट्टी मारणं हा त्याचा स्वभाव आहे. मी डॉक्टरकडं गेले होते. पाय संध्याकाळी भरल्या दुधीसारखे होतात, बोट दाबलं तर खड्डा पडून राहतो, आणि आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून गेले दोन महिने मी भिंतीला टेकून बसून झोपते. तुझी आई समजते की म्हातारीला झोप नाही. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, ठोक्यांची कागदी पट्टी काढली आणि म्हणाला, "आजी, तुमचं हृदय मोठं झालं आहे." म्हटलं, उशिरा का होईना, कोणी तरी म्हणालं.

हसला तो. चांगला पोरगा आहे. मग म्हणाला, हृदय थकलं आहे, ओढत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. गोळ्या दिल्या आहेत, त्या मी तांदळाच्या डब्यात ठेवल्या आहेत आणि घेतेही आहे. किती दिवस, असं विचारलं, तर म्हणाला, ते गोळ्यांवर आणि तुमच्यावर. म्हणजे त्यालाही माहीत नाही. बघ, मीही एक साठलेलं पाणीच झाले. फरक इतकाच, की हे टाकून नवं भरता येत नाही.

पेन थांबलं आहे. मी पाहत नाही तिकडं. पाहिलं तर माझं सांगायचं आणि तिचं लिहायचं राहून जाईल.

साधना, लिही. रडायचं ते नंतर, कागद भिजला तर पोरीला वाचता येणार नाही.

योगिनी, मी घाबरलेली नाही. थकलेली आहे. हे मी तुला पहिल्यांदा सांगते आहे, एरवी थट्टा करून नेते. फार थकले आहे पोरी. पायांनी नाही, ते दुखणं वेगळं. तुम्हा दोघींच्या मधल्या वाटेनं थकले आहे. "तिले सांगा", "तिला सांग." मी गेले की हे कोण नेणार? तू बर्फात, ही मळ्यात, आणि मधे रिकामा फोन. ही एकटी दोन ओळी वांग्यांच्या आणि एका वाळलेल्या काडीला पाणी घालत बसेल आणि तू त्या थंडगार देशात कुणाला न सांगता वाट पाहत बसशील. तूच म्हणाली होतीस ना की ती पिल्लं वाट पाहू शकतात, पण अंगातली चरबी आहे तोवरच? मग उमेद संपते, आणि समोर चांगला दगड आला तरी टेकायचं बळ उरत नाही. थोराड झालेल्या रोपासारखं. एक वर्ष झालं बाई. तुम्हा दोघींच्या अंगात अजून किती चरबी आहे, मला माहीत नाही. हिची तर दिसतेच आहे, गळ्याखालचं हाड वर आलं आहे. आता ही म्हणते, मला मधे आणू नका. बाई, तू मधेच आहेस.

पुढच्या महिन्यात माघ वद्य पंचमीला तुझ्या बापाला वर्ष होतं. वर्षश्राद्ध आहे. ये.

माझ्यासाठी येऊ नकोस. माझ्यासाठी आलीस तर माझ्याच खाटेवर बसशील, माझे पाय चेपशील, माझ्याशी बोलशील आणि परत जाशील, आणि ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहील. तशी यायची असेल तर नको येऊ, पाय पुंजाजीची बायकोही चेपते. तुझ्या बापासाठी ये, आणि हिच्यासाठी ये. माझं काय, मला पाहिलंच आहेस.

आणि नॉर्वेला जा. जाऊ नकोस असं माझ्या तोंडून निघणार नाही, आणि हिच्याही हातून ते लिहिलं जाणार नाही, मी पाहीन. म्हातारी आजारी आहे म्हणून थांबते, असं म्हणालीस तर मी मुद्दाम शंभर वर्षं जगेन आणि तुला पश्चात्ताप करायला लावीन. आम्हाला दगड दाबून पाहायला मिळाला नाही. तुला मिळतो आहे, तर दाबून पाहा. चाल. नाही पटला तर उचल पाऊल. फक्त निघण्याआधी इथं एकदा टेकून जा.

आता सही. मला तर सही येत नाही. सोसायटीत, बँकेत माझ्या नावापुढं "निशाणी डावा अंगठा" लिहितात, तशी इथंही करते. शाई नाही घरात, तव्याच्या बुडाची काजळी घेतली आहे. तुझ्या आईनंच माझा अंगठा धरून काजळीत टेकवला. ठसा थोडा फाकला आहे. फाकू दे. कोणी तरी इथं टिकलं होतं, एवढं मागून येणाऱ्याला कळलं की झालं.

आता खाली जी जागा राहिली आहे ती मी सोडते आहे. करार इथं संपला. पुढं ही काही लिहील किंवा कोरा कागद पाठवील, मी वाचून दाखव म्हणणार नाही. मला अक्षर येत नाही याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

तुला पोटाशी धरून,
निशाणी डावा अंगठा,
चतुराबाई आजी

—

योगिनी,

फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा करून पुसून ठेवला आहे. डबा घेऊन आलीस तरी चालेल. या वेळी पाणी टाकायच्या आधी मी तुला विचारीन.

आई